मिळून लिहिणं: ही पद्धत आली कुठून?

हल्ली एकाच फाइलमध्ये चौघं एकदम लिहीत असतात, प्रत्येकाचा कर्सर वेगळ्या रंगाचा, आणि आपल्याला वाटतं हे सगळं इंटरनेटमुळे सुरू झालं. पण मिळून लिहिणं खूप जुनं आहे, उलट लेखक म्हणजे एकटाच माणूस ही समजूत त्या मानाने अलीकडची.

जपानमध्ये रेंगा नावाचा काव्यप्रकार होता, एकाने कडवं रचायचं आणि दुसऱ्याने त्याला जोडून पुढचं. १४८८ मध्ये सोगी, शोहाकु आणि सोचो या तिघांनी केलेली शंभर कडव्यांची रचना आजही नमुना मानतात. नियम एकदम कडक. तुमचं कडवं लगेच आधीच्या कडव्याशी जुळलं पाहिजे पण त्याच्याही मागच्याकडे परत वळायचं नाही, त्यामुळे कुणी एकाने आपलंच घोडं पुढे दामटायची सोयच नाही. बैठकीत एक लेखनिक असायचा, तो नुसतं उतरवून घ्यायचा नाही, नियम मोडला की टोकायचा पण. मला या सगळ्यात हाच माणूस सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कारण तो पुढे लंडनमध्येही दिसतो. १५९० च्या दशकात तिथल्या नाटक मंडळींना सतत नवीन नाटक लागायचं, एकट्याकडून ते होणार कसं, मग प्रवेश वाटून घ्यायचे. फिलिप हेन्स्लो या थिएटरवाल्याची हिशेबाची वही टिकलीये, तिच्यात एकेका नाटकासाठी दोन-तीन, कधी चार-पाच लेखकांना पैसे दिल्याच्या नोंदी आहेत. सर थॉमस मोर यांच्यावरच्या नाटकाचं हस्तलिखित तर बघण्यासारखं आहे. मूळ प्रत नाटककार अँथनी मंडेच्या अक्षरात, वर सरकारी तपासनिसाचा शेरा की दंगलीचा प्रसंग पूर्ण काढा, आणि मग वेगवेगळ्या अक्षरांतले नवे तुकडे. त्यातली तीन पानं शेक्सपिअरच्या हातची असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि त्या पानांवरसुद्धा मंडळीच्या लेखनिकाने बिनधास्त हात चालवलाय, गुंता झालेल्या तीन ओळी खोडल्या, जागी अर्धी ओळ टाकली, झालं, संवाद पुढे सरकला.

नावाचं मात्र सगळीकडे त्रांगडं. 'द टू नोबल किन्समेन' १६३४ मध्ये फ्लेचर आणि शेक्सपिअर अशा दोघांच्या नावाने छापलं गेलं, पण शेक्सपिअरच्या १६२३ च्या संग्रहात ते नव्हतंच. वर्ड्सवर्थ आणि कोलरिज या इंग्रज कवींचा 'लिरिकल बॅलड्स' हा कवितासंग्रह १७९८ मध्ये बिननावाने आला, आणि १८०० च्या आवृत्तीवर नाव एकट्या वर्ड्सवर्थचं, आत कोलरिजच्या कविता असूनही. हा मला सरळ सरळ अन्याय वाटतो. हॉलिवूडमध्ये आता असा वाद झाला तर रायटर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेतले लेखकच सगळे मसुदे वाचून श्रेय कुणाचं ते ठरवतात, ते बरं.

आता मशीनकडे येऊ. ९ डिसेंबर १९६८ ला डग्लस एंगेलबार्ट या संगणक संशोधकाने सॅन फ्रान्सिस्कोत, दूर मेन्लो पार्कमध्ये बसलेल्या सहकाऱ्यासोबत संगणकावर एकाच मजकुरावर काम करून दाखवलं. पण दोघांनी एकाच क्षणी टाइप केलं तर काय? समजा ओळ आहे "तो घरी गेला". मी सुरुवातीला "काल" घालतो आणि त्याच वेळी तुम्ही "गेला" खोडता. तुमची सूचना येते की अमुक जागेपासून खोड, पण माझ्याकडे तोवर सगळी अक्षरं पुढे सरकलेली, म्हणजे भलताच शब्द उडणार. यावर १९८९ मध्ये एलिस आणि गिब्स यांनी उपाय मांडला की आलेली सूचना आधी तेवढीच सरकवायची आणि मग लावायची. २००६ मध्ये आलेलं गूगल डॉक्स पुढे याच कल्पनेवर चाललं.

अक्षरांचा प्रश्न असा सुटला. पण माझ्या परिच्छेदातली बाई विधवा आणि तुमच्यातल्या बाईचा नवरा जिवंत, हे सॉफ्टवेअरला त्यातून कळत नाही, त्यासाठी सगळं सलग वाचून ओळी खोडणारा कुणीतरी लागतोच. तो कोण हे सुरुवातीलाच ठरवून टाकावं, नाहीतर मार्जिनमध्ये कॉमेंट्स साचत जातात आणि मसुदा महिनोन्महिने तसाच पडून राहतो.