सहाराच्या गुहेतल्या लेंड्या

लिबियाच्या नैर्ऋत्य टोकाला ताद्रार्त अकाकुस नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या उआन अफुदा गुहेत खोदताना लेंड्यांचा जाड थर लागला. लेंड्या होत्या बार्बरी मेंढ्याच्या. हा कड्याकपारीत राहणारा रानटी प्राणी, माणसाळला असा कधीच नाही. मग गुहेत एवढी घाण कोणी केली? लेंड्यांतल्या वनस्पतींच्या अवशेषांवरून दिसलं की त्याला निवडक चारा घातला जात होता. साधारण नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या शिकाऱ्यांनी रानातली जनावरं धरून आणून कोंडली होती. धनगर रात्री मेंढरांभोवती वाघूर (जाळ्यांचं कुंपण) लावतात ती पाळीव मेंढरांसाठी. इथे कोंडलं होतं ते जिवंत मांस, टंचाईच्या दिवसांची बेगमी.

वाळवंटात चारा आला कुठून? तेव्हा ते वाळवंट नव्हतंच. पृथ्वीच्या आसाची भोवऱ्यासारखी संथ डुगडुग चालू असते. त्या काळात उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात ऊन जास्त मिळत होतं, त्यामुळे आफ्रिकेचा मान्सून बराच उत्तरेकडे सरकला होता. सहारात तळी होती, गवत होतं. जवळच्याच ताकारकोरी या खडकाच्या आडोशाला १७ हजारांहून जास्त प्राणी-अवशेष तपासले, त्यांतले जवळपास ८० टक्के माशांचे निघाले: मागूरच्या जातीचे मासे आणि तिलापिया. सहाराच्या मधोमध!

खरे गुराखी नंतरचे. मेंढ्या-शेळ्या मूळच्या पश्चिम आशियातल्या, त्या पाळीव होऊनच इथवर पोचल्या. सोबत गाई-बैलही आले. पण हे गुराखी दूध काढत होते हे कळलं मडक्यांमुळे. बिनझिलईच्या मातीत स्निग्धांश मुरतो आणि हजारो वर्षं टिकतो. चरबीतलं स्टिअरिक आम्ल जनावराच्या शरीरात तयार होतं. कास मात्र ते बनवू शकत नाही, चाऱ्यातून आलेलंच दुधात उतरवते. त्यामुळे दुधातल्या स्टिअरिक आम्लात जड कार्बन (कार्बन-१३) चरबीतल्यापेक्षा कमी असतो. २०१२ साली ताकारकोरीच्या खापरांत हीच खूण सापडली, सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची. दूध नुसतं प्यायलं जात नव्हतं, मडक्यात काहीतरी प्रक्रिया होत होती. मला तरी यात विरजणच दिसतं, कारण दही लावलं की लॅक्टोज (दुधातली साखर) कमी होतं आणि मोठ्या माणसांनाही ते पचतं.

तिथेच दोन बायकांचे देह नैसर्गिकरीत्या सुकून टिकले होते, तेही सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे. २०२५ मध्ये त्यांचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. वंश बहुतांशी उत्तर आफ्रिकेतलाच, फार पूर्वी वेगळा पडलेला. पश्चिम आशियाचा अंश अगदी किरकोळ. शेळ्या-मेंढ्या बाहेरून आल्या, पण त्या राखणारी माणसं बरीचशी तिथलीच होती. पुढे, पाचेक हजार वर्षांपूर्वी, पाऊस आटला. ताकारकोरीच्या वरच्या थरांत मासे कमी होत जातात आणि शेळ्या-मेंढ्यांची, गुरांची हाडं वाढत जातात.