कुचर दाणा आणि कुंडीतलं न उगवणारं बी

मटकी भिजवून फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड येतात. पण मूठभर मटकीत चारदोन दाणे भिजवताना होते तसेच टणक राहतात आणि उसळ खाताना खड्यासारखे दाताखाली येतात. आपण त्यांना कुचर म्हणतो आणि फेकून देतो. कुंडीत पेरलेलं बी का उगवत नाही, याचं एक उत्तर मला या कुचर दाण्यात सापडलं.

असे सहा दाणे मी बाजूला काढले. तिघांची एक कड पॉलिश पेपरवर हलकेच घासली, टरफलाखालचा फिकट भाग जेमतेम दिसेपर्यंत. मग सहाही दाणे रात्रभर पाण्यात ठेवले. सकाळी घासलेले तिन्ही टम्म फुगले होते. उरलेले तीन बोटांत दाबून पाहिले, तर आदल्या दिवशीइतकेच कडक.

म्हणजे दाणा मेलेला नव्हता, त्याला पाणीच मिळालं नव्हतं. कडधान्यांच्या टरफलात उभ्या, दाटीने बसलेल्या पेशींचा एक थर असतो. तो पक्का असला की पाण्याला आत वाट राहत नाही. रानातल्या झाडाला हे फायद्याचं असतं. वळवाच्या एका सरीने सगळं बी रुजलं आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर सगळीच रोपं जळतील. म्हणून काही बिया थांबतात. ऊन-पावसाने, मातीत घासून टरफलाला भेग पडली की त्यांची पाळी येते. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात आणि त्यांच्या पोटातून गेलेलं बी अधिक चांगलं रुजतं, म्हणून शेळ्यांच्या वाड्यातून ते मुद्दाम गोळा करतात. शेतात मात्र माणसाने पिढ्यान्‌पिढ्या एकदम उगवणारं बीच पुढे पेरलं. त्यामुळे हा स्वभाव बराचसा गेला, कुचर दाण्यात तेवढा उरला.

तेव्हा बी वेळ लावत असेल तर सगळी कुंडी उकरू नका. कडेचं एकच बी काढून बोटांत धरून पाहा. कोरडं, कडक आणि पेरताना होतं तेवढंच असेल, तर अडचण टरफलाची आहे. फुगलेलं पण आतून घट्ट असेल, तर ते जिवंत असण्याचीच शक्यता जास्त, त्याला ऊब किंवा वेळ हवा. दाबल्यावर पिचकलं आणि वास आला, तर ते कुजलंय.

कुजण्याचं कारण बहुतेक वेळा आपली काळजीच असते. बी उगवत नाही म्हणून आपण आणखी पाणी घालतो. पण पाणी प्यायलेलं बी जोरात श्वास घेऊ लागतं, आणि मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की त्याला ऑक्सिजन मिळत नाही. शेतकरी वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जास्तीचं पाणी निचरून माती नुसती ओलसर राहिल्याशिवाय पेरत नाही, ते उगाच नाही. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये, एवढीच ओल कुंडीत पुरते. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल असावं. बारीक बी खोल गेलं, तर वर पोचण्याआधीच त्याची शिदोरी संपते.

मिरचीचं दुखणं वेगळं, ते थंडीचं. साठवलेलं अन्न कोंबाला वापरता येईल असं करण्याचं काम विकरं करतात आणि गारठ्यात ती मंदावतात. मिरचीला २५ ते ३० अंश सेल्सिअस मानवतं. तेवढी ऊब असेल तर आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो, तेव्हा त्याच बियांना तीन आठवडेही लागतात. ट्रे गच्चीवरून उचलून स्वयंपाकघरात ठेवा आणि कोंब दिसताच उन्हात न्या, नाहीतर रोपं लांबट, लुळी होतात.

धण्यांची घाई मात्र करू नये. आख्खा धणा म्हणजे खरं तर एक फळ, त्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलकेच दाबून दोन डाळी मोकळ्या केल्या आणि रात्रभर भिजवल्या तरी दहा ते पंधरा दिवस जातातच. कारल्याच्या बीचं टरफल जाड. तिची टोकाकडची कड नेलकटरने किंचित कापतात, पण आतला गर शाबूत राहायला हवा.

पाकीटच जुनं वाटत असेल तर दहा बिया ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. कांद्याचं बी साधारण वर्षभरातच कमजोर होतं, टोमॅटोचं चार वर्षंही टिकतं. आणि दहापैकी सहाच मिरच्या उगवल्या तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका: प्रमाणित मिरची बियाण्याची किमान उगवणक्षमता आपल्याकडे ६० टक्केच धरलेली आहे. टिश्यूत मोड आलेलं बी वाया घालवायचं नाही. मूळ दोन-तीन मिलिमीटरचं असतानाच, ते मोडू न देता, अलगद मातीत ठेवायचं.