आरशातली चांदणी

कागदावर दुहेरी रेघेची चांदणी छापलेली आहे. दोन रेघांमधल्या चिंचोळ्या गल्लीतून पेन्सिल फिरवायची आणि रेघेला धक्का लागू द्यायचा नाही. अट एकच: हात आणि कागद आडोशाला, दिसेल ते फक्त समोरच्या आरशात. घरी करून पाहा. पेन्सिल पुढे न्यायला जावं तर मागे येते, आणि कोपऱ्यावर हात अक्षरशः अडून बसतो. पण पंधरा-वीस वेळा केलं की जमायला लागतं.

१९५५ मध्ये ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे काम एका २९ वर्षांच्या तरुणाला दिलं. ओळीने तीन दिवस. पहिल्या दिवशी तो इतरांसारखाच धडपडला, तिसऱ्या दिवशी पेन्सिल सफाईने फिरली. यात नवल काही नाही. नवल हे, की आपण ही चांदणी आधी कधी काढली आहे हेच त्याला माहीत नव्हतं. शेवटी तो स्वतःच चकित झाला: हे अवघड जाईल असं वाटलं होतं, पण बरंच चांगलं जमलं की!

पुढची पन्नास वर्षं तो शास्त्रीय लेखांमध्ये फक्त 'एच. एम.' म्हणून वावरला. २००८ मध्ये ८२ व्या वर्षी तो गेल्यावर जगाला नाव कळलं: हेन्री मोलेसन, राहणार कनेक्टिकट, अमेरिका. लहानपणापासून त्याला फिट्स येत. पुढे त्या इतक्या वाढल्या की भरपूर औषधं घेऊनही नोकरी करणं अशक्य झालं. १९५३ च्या ऑगस्टमध्ये विल्यम स्कोव्हिल या सर्जननी दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूचा मेंदूचा भाग शोषून काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा तुकडा होता. करंगळीएवढा, बाकदार अवयव. समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून ग्रीक भाषेतलं त्याचंच नाव याला मिळालं. बदामाच्या आकाराचा शेजारचा अमिग्डालाही जवळजवळ सगळा गेला.

आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळचं ज्ञान बघा. कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं उंदरांच्या मेंदूचे वेगवेगळे भाग कापून पाहिले होते आणि १९५० मध्ये निष्कर्ष काढला होता, की आठवणीला मेंदूत ठरावीक पत्ता नाही. म्हणजे थोडा भाग काढला तर आठवणीवर गदा येईल अशी धास्ती कोणाला वाटण्याचं कारण नव्हतं. तरी दोन्ही बाजू एकदम काढायला नको होत्या, असं मला वाटतं. स्कोव्हिल यांनाही पुढे तसंच वाटलं. अशी शस्त्रक्रिया करू नका म्हणून ते इतर सर्जनना सावध करत राहिले.

फिट्स खूपच कमी झाल्या. बुद्ध्यंक भरला ११२, म्हणजे सरासरीहून वरच. बोलणं सभ्य, स्वभाव सौम्य, शब्दकोडी सोडवायची आवड कायम. पण १९५५ च्या एप्रिलमध्ये तारीख विचारली तर तो म्हणाला मार्च १९५३, आणि वय सांगितलं २७. घड्याळ शस्त्रक्रियेच्या अलीकडेच थांबलं होतं. सुझान कॉर्किन या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी १९६२ पासून थेट त्याच्या मृत्यूपर्यंत त्याचा अभ्यास केला. इतक्या वर्षांनंतर त्याला त्या कोण वाटत? शाळेतली कोणीतरी ओळखीची मुलगी.

एकदा त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगून मिल्नर बाहेर गेल्या. पंधरा मिनिटांनी परत येऊन पाहतात तर त्याने आकडा बरोबर सांगितला! कसा? ५, ८, ४ यांची बेरीज १७. त्यातून ८ काढले की उरले ९. नवाचे दोन भाग करा, ५ आणि ४. झालं, ५८४. बिचारा तेवढा वेळ हेच मनात घोळवत बसला होता. मग बोलणं दुसरीकडे वळलं आणि मिनिटभरात, आपल्याला काही आकडा दिला होता हेसुद्धा पुसलं गेलं. घोळवण्याची ही पाटी शाबूत होती. तिच्यासाठी कपाळामागचा भाग लागतो. पाटीवरचं वहीत उतरवून घेणारा भाग तेवढा गेला होता.

वही मात्र होती. बालपण, आईवडील, जुनी गाणी हे सगळं त्यातलं त्याला वाचता येत होतं. त्यावरूनच कळलं, की हिप्पोकॅम्पस हे आठवणींचं कोठार नव्हे. तो नव्या आठवणी लिहवून घेतो आणि काळाच्या ओघात त्या मेंदूच्या बाहेरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये, मुरतात.

मग चांदणी कुठे उतरली? आपली भाषा इथे बरोबर बोलते. गोष्ट 'लक्षात राहते', पण पोळी लाटायला 'हात बसतो', सायकल 'अंगवळणी पडते'. सायकल लक्षात राहिली, असं कोणी म्हणत नाही. फरक एवढाच, की वळण पडतं ते अंगाला नव्हे, मेंदूलाच. लहान मेंदू आणि खोलवर दडलेले बेसल गँग्लिया ही कामं सांभाळतात आणि हेन्रीच्या शस्त्रक्रियेत त्यांना हात लागला नव्हता. फिट्सच्या औषधांनी लहान मेंदू पुढे झिजला, ती गोष्ट निराळी.

अमिग्डाला गेल्याचा परिणाम आणखी चमत्कारिक. एकदा जेवण झाल्यावर त्याचं ताट उचललं आणि मिनिटभराने तसंच भरलेलं दुसरं ताट समोर ठेवलं. तो पुन्हा निवांत जेवला. विसरला म्हणून जेवला, हे पटकन सुचणारं उत्तर पुरेसं नाही. पोट तर भरलेलं होतं ना! ते 'भरलं' ही खबर त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. चटका बसेल इतकी उष्णता त्वचेला लावली तरी 'दुखतंय' म्हणायला तो सहसा तयार नसे.

एवढं वाचून मेंदूचा नकाशा रंगवायला बसू नका, की इथे आठवण, इथे भूक, इथे गणित. 'उजव्या मेंदूचे' आणि 'डाव्या मेंदूचे' लोक असली व्हॉट्सअ‍ॅपी वाटणीही विसरा. २००९ मध्ये सॅन डिएगोत हेन्रीचा मेंदू गोठवून त्याचे २४०१ पातळ काप केले गेले. ५३ तास चाललेलं हे काम लोकांनी इंटरनेटवर थेट पाहिलं. २०१४ मध्ये त्याचा जो तपशील प्रसिद्ध झाला, त्याने जुन्या लेखांना धक्का दिला. हिप्पोकॅम्पसचा मागचा बराच भाग जागेवरच होता! तरी तो निकामी कसा? कारण कॉर्टेक्सकडून येणारा माल ज्या दारातून हिप्पोकॅम्पसमध्ये शिरतो, तो एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स जवळजवळ पूर्ण गेला होता. दुकान उघडं, पण रस्ता खणलेला.

अल्झायमरची पडझड साधारण याच दारापासून सुरू होते. म्हणून सुरुवातीच्या काळात घरातली आजी "चहा झाला का माझा?" असं तासात चारदा विचारते, जुन्या वाड्यातल्या भाडेकरूंची नावं घडाघडा सांगते, आणि हे चालू असताना तिच्या बोटांमधून कापसाच्या वाती एकसारख्या वळून बाहेर पडत असतात.