केम्पिन्स्की: नाव एकाचं, साल दुसऱ्याचं

केम्पिन्स्की हा आलिशान हॉटेलांचा समूह आपलं वय १८९७ पासून मोजतो. त्या साली बर्लिनमध्ये हॉटेलं चालवणारी एक भागधारक कंपनी निघाली, हे खरंच. पण ती केम्पिन्स्की घराण्याची नव्हे.

हे ज्यू घराणं वाइनच्या व्यापारातलं. १८८९ मध्ये त्यांनी लायपझिगर रस्त्यावर मोठं रेस्तराँ थाटलं आणि तिथे अर्धी प्लेट अर्ध्या दरात देऊ लागले. बेतशीर पगारातला बर्लिनकरही मग तिथे ऐटीत जेवू लागला. संस्थापकानंतर कारभार जावयाकडे आला. १९२८ मध्ये पोट्सडामर चौकात त्यांनी ‘हाउस फाटरलांट’ हे भव्य करमणूक-भोजनगृह नव्याने उघडलं. तिथल्या ऱ्हाइन नदीच्या देखाव्यात तासातासाला खोटं वादळ व्हायचं, विजांच्या कडकडाटासकट.

१९३७ मध्ये हा व्यवसाय आशिंगर या बड्या खाद्यगृह-कंपनीकडे गेला. नाझी राजवटीत ज्यूंचे व्यवसाय असे बिगर-ज्यूंच्या हाती जात, याला ‘आर्यीकरण’ म्हणतात, आणि घोटाळा इथेच आहे. कागदोपत्री ती विक्री होती: करार, किंमत, सह्या सगळं रीतसर. पण विकणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती. म्हणून ‘मालकी बदलली’ हे गुळमुळीत वाक्य मला पटत नाही. हिसकावून घेतलं म्हणावं. कुटुंबातले काही परदेशी निसटले, काही नाझींच्या हातून मारले गेले. आणखी एक गाठ अशी, की १८९७ ची ती कंपनी १९२० च्या दशकातच आशिंगरच्या ताब्यात आली होती. म्हणजे आज मिरवलं जाणारं साल बळकावणाऱ्याच्या घरातलं आहे, नाव मात्र ज्यांचं बळकावलं त्यांचं.

युद्धानंतर संस्थापकाचा नातू परतला. १९५२ मध्ये बर्लिनच्या कुर्फ्युर्स्टेनडाम रस्त्यावर, घराण्याच्या जुन्या रेस्तराँच्या जागी, हॉटेल उभं राहिलं. पुढच्याच वर्षी त्याने आपला हिस्सा विकला, तोही त्याच १८९७ च्या कंपनीला. नंतर कंपनीनेच केम्पिन्स्की हे नाव घेतलं.

पुढे भागभांडवलात लुफ्तान्सा ही जर्मन विमानकंपनी आली, थायलंडचा पैसा आला. २०१७ पासून बहुमताचे भाग बहरीनकडे आहेत. १९९७ मध्ये बर्लिनमधलं नव्याने बांधलेलं आडलॉन हॉटेल समूहाने चालवायला घेतलं. अंधेरीच्या लीला हॉटेलवरही बरीच वर्षं ‘लीला केम्पिन्स्की’ अशी पाटी होती, त्यामुळे मुंबईकरांना नाव अनोळखी नाही. कुर्फ्युर्स्टेनडामच्या त्या हॉटेलावर १९९० च्या दशकात १९३७ ची हकीकत सांगणारा फलक लागला. आता त्या हॉटेलाचं नाव नुसतं ‘ब्रिस्टल’ आहे.