बाय-इन (रोख पोकर)

रोख पोकरच्या टेबलावर बसताना खेळाडू जेवढ्या रकमेच्या चिप विकत घेऊन समोर मांडतो, ती रक्कम म्हणजे बाय-इन. स्पर्धेच्या प्रवेशशुल्काशी तिची गल्लत करू नये. स्पर्धेत शुल्क सगळ्यांना सारखे असते आणि चिपांना रोख मोल नसते. रोख खेळात पाच डॉलरची चिप म्हणजे पाच डॉलरच. ती घेऊन दोन डावांच्या मध्ये केव्हाही उठता येते. टेबलाच्या किमान-कमाल मर्यादेत किती घ्यायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे असते. कमी पैजांच्या खेळात बरेच जण पाकिटाकडे बघून हा आकडा ठरवतात. पण कोणते पत्ते खेळण्याजोगे आणि कोणते टाकून देण्याजोगे, हे बऱ्याच अंशी या आकड्यावरच अवलंबून असते.

अमेरिकेत कमी पैजांचा खेळ म्हटला की एक-दोन किंवा एक-तीन डॉलर ब्लाइंडचा नो-लिमिट टेक्सास होल्डेम समोर येतो. ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोन खेळाडूंनी लावायच्या सक्तीच्या रकमा; त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड. होल्डेममध्ये प्रत्येकाच्या हाती दोन पत्ते असतात, मध्ये पाच सामायिक पत्ते उघडतात, आणि नो-लिमिटमध्ये समोरचे सगळे एका वेळी लावता येते. २००३ साली ख्रिस मनीमेकर हा टेनेसीतला हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या स्पर्धामालिकेत आला आणि मुख्य स्पर्धेत २५ लाख डॉलर जिंकून गेला. त्यानंतरच्या लाटेत हा खेळ लहान टेबलांवरही रुजला. त्याआधी तिथे लिमिट होल्डेमचा वरचष्मा होता. त्यात एका वेळी किती लावायचे ते नियमानेच बांधलेले असल्यामुळे समोर किती चिप आहेत याला फारसे महत्त्व नसे.

बाय-इन डॉलरमध्ये नव्हे, बिग ब्लाइंडमध्ये मोजण्याची पद्धत आहे. एक-तीनच्या टेबलावर ३०० डॉलर म्हणजे १०० बिग ब्लाइंड. लाल पाच-डॉलरी चिपांचे वीस-वीसचे तीन मनोरे. हा पूर्ण स्टॅक (समोरच्या चिपांचा साठा) समजला जातो, तर ४० बिग ब्लाइंडच्या आसपासचा किंवा त्याखालचा स्टॅक तोकडा. मर्यादा जागोजागी बदलतात. लॉस एंजेलिस परिसरातील कार्डरूममध्ये खालच्या टेबलांची कमाल मर्यादा पूर्वीपासून तोकडी असते. टेक्सासात उलट प्रकार आढळतो. तिथले क्लब प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या रकमेतून) रेक, म्हणजे आपला हिस्सा, कापण्याऐवजी सदस्यत्वाचे आणि बसण्याच्या वेळेचे पैसे घेतात, आणि बऱ्याच ठिकाणी टेबलावरच्या सर्वांत मोठ्या स्टॅकएवढे बाय-इन करण्याची मुभा असते.

या सगळ्याच्या मुळाशी टेबल स्टेक्सचा नियम आहे. डाव सुरू असताना खिशातून भर घालता येत नाही आणि टेबलावरचे पैसे उठेपर्यंत खिशात टाकता येत नाहीत. दिवाळीत तीन पत्ती खेळताना गरज पडेल तशा नोटा काढत राहण्याची सवय असलेल्याला हे सुरुवातीला खटकते. नियमाचा परिणाम असा की दोघांमध्ये ज्याचा स्टॅक लहान, तेवढीच रक्कम पणाला लागते. समोरच्याकडे ८० डॉलर असतील तर आपले ३०० त्याच्याविरुद्ध ८०च आहेत. त्यामुळे आपण किती आणले याइतकेच इतरांनी किती आणले हेही पाहावे लागते.

एक-तीनच्या टेबलावर आपल्याकडे सत्त्यांची जोडी आहे आणि मोठा स्टॅक असलेल्या एकाने १५ डॉलरचे रेज केले आहे (पैज १५ पर्यंत वाढवली आहे), असे धरू. फ्लॉपवर, म्हणजे पहिल्या तीन सामायिक पत्त्यांत, तिसरी सत्ती येण्याची शक्यता साडेआठांत एक, म्हणजे सुमारे १२ टक्के. आपल्यापुढे १०० डॉलर असतील तर कॉल केल्यावर (तेवढेच पैसे लावल्यावर) उरतात ८५, म्हणजे लावलेल्या रकमेच्या सहापटही नाहीत. सत्ती आलीच आणि समोरच्याने सगळे दिले तरीही हिशेब नीट जमत नाही. ३०० असतील तर मागे २८५ राहतात, १९ पट, आणि कॉल शहाणपणाचा ठरतो. आता एक्का-राजा घ्या. आपण १५ केले, दोघांनी कॉल केले, ब्लाइंडवाले बाहेर पडले. पॉट ४९ डॉलर. फ्लॉपवर एक्का पडला. मागे ८५ असतील तर फारसा विचार न करता सगळे सरकवता येतात. मागे २८५ असतील आणि कोणी मोठे रेज केले, तर एका जोडीवर एवढे पैसे लावायचे का, हा खरोखर अवघड प्रश्न असतो.

म्हणून ‘नेहमी कमाल बाय-इनच करा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला अर्धाच खरा आहे. टेबलावर कच्चे खेळाडू मोठे स्टॅक घेऊन बसले असतील आणि आपण त्यांच्याहून सरस असू, तर त्यांच्याएवढे पैसे समोर हवेतच. पण आपल्या लगेच डावीकडे, म्हणजे बहुतेक वेळा आपल्यानंतर बोलणारा, कसलेला खेळाडू मोठा स्टॅक घेऊन बसला असेल तर निम्म्यावर बसण्यात कमीपणा नाही. नवख्याला ४०-५० बिग ब्लाइंड सोपे जातात, कारण फ्लॉपनंतरचे निर्णय थोडे राहतात. त्याची किंमत मात्र रेकमध्ये मोजावी लागते. रेक दहा टक्के आणि कमाल पाच डॉलर असेल, तर ५० डॉलरच्या पॉटमधून दहा टक्के जातात आणि ५०० डॉलरच्या पॉटमधून एकच टक्का.

पूर्ण बाय-इन करून बसणारे अनेक जण स्टॅक १८० वर आला तरी भर घालत नाहीत. ३०० ची निवड विचारपूर्वक केली असेल तर दोन डावांच्या मध्ये तो भरून काढायला हवा. नसेल तर ती नुसती ऐट होती. गमावल्यास घरखर्चाला चिमटा बसेल अशी रक्कम समोर असली की हात आखडतो आणि चांगले पत्तेही टाकून दिले जातात. त्या खेळासाठी बाजूला ठेवलेली एकूण पुंजी २० ते ३० बाय-इनची असावी, असा ढोबळ संकेत आहे.

महाराष्ट्रात जुगारावर १८८७च्या कायद्याने बंदी आहे. १९७६ साली केलेला कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही. २०२३ मध्ये तो रद्द झाला. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ २०२५च्या केंद्रीय कायद्याने देशभर बंद झाले. गोव्यात १९७६च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९०च्या दशकात झालेल्या दुरुस्त्यांमुळे पंचतारांकित हॉटेले आणि जहाजे यांना वाट मिळाली, आणि पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर पोकर खेळता येतो. तिथे बाय-इनच्या हिशेबात एक भर पडते. १ ऑक्टोबर २०२३ पासून वस्तू व सेवा कर चिपांच्या खरेदीच्या पूर्ण रकमेवर लागतो. दर आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. चिप परत करून पैसे घेतले तरी ती रक्कम करपात्र किमतीतून वजा होत नाही. जिंकलेले पैसे पुन्हा खेळात लावले तर त्यांच्यावर नव्याने कर नाही. त्यामुळे वापरल्या जाणार नाहीत अशा चिपा आधीच घेऊन ठेवणे इथे महागात पडते. कमी रकमेने बसून लागेल तशी भर घालणे परवडते.