मालिका संपायची तेव्हा

२८ मार्च २०२० च्या सकाळी आई लवकर अंघोळ उरकून, केस विंचरून टीव्हीसमोर येऊन बसली. टाळेबंदीचा चौथा दिवस होता. कुठे जायचं नव्हतं, कुणी यायचं नव्हतं, तरी तिनं घडीची साडी नेसली होती. नऊ वाजता दूरदर्शनवर रामानंद सागर यांचं ‘रामायण’ पुन्हा लागणार होतं. २५ जानेवारी १९८७ ला, एका रविवारी, ते पहिल्यांदा लागलं तेव्हा ती तिशीची होती आणि आमचा टीव्ही शटरच्या लाकडी कपाटात असायचा.

मालिकांची चित्रीकरणं १९ मार्चपासून बंद पडली होती. वाहिन्यांकडचे तयार भाग आठवड्याभरात संपत आले आणि मग जुनं ते बाहेर निघालं. ‘रामायण’ दिवसातून दोनदा, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. ‘महाभारत’ डीडी भारतीवर. पाठोपाठ ‘ब्योमकेश बक्षी’, ‘सर्कस’. १३ एप्रिलला तर दूरदर्शननं फक्त जुन्या कार्यक्रमांसाठी डीडी रेट्रो ही वाहिनीच काढली. १६ एप्रिलचा ‘रामायण’चा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिला, असं दूरदर्शननं जाहीर केलं. हा जागतिक विक्रम की नाही यावर वाद झाला, तो होऊ दे. तेहतीस वर्षांपूर्वीची, गोष्ट तोंडपाठ असलेली मालिका लोकांनी पुन्हा नेमानं पाहिली, हे आपण सगळ्यांनी घराघरांत अनुभवलं.

‘पूर्वीच्या मालिका किती छान होत्या, आताच्या बघवत नाहीत’ हे वाक्य तेव्हापासून जास्तच ऐकू येतं. त्यावर ‘तुमचं वय झालं’ हे उत्तर तयार असतं. मला ते पटत नाही. लहानपणाची ओढ त्यात असणारच. पण नट तेच आहेत, लेखकही पुष्कळदा त्याच मुशीतले आहेत. बदललं आहे ते वेळापत्रक, आणि ते कधी, कसं बदललं याच्या तारखा आहेत.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्यालाही चित्र दिसू लागलं. कार्यक्रम संध्याकाळचे काही तास. वरळीच्या केंद्रात जी माणसं जमली ती रंगभूमीवरून, आकाशवाणीवरून, साहित्यातून आलेली. विनायक चासकरांचा ‘गजरा’, सुहासिनी मुळगावकरांचा ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, शेतकऱ्यांसाठीचा ‘आमची माती आमची माणसं’, मुलांसाठी ‘किलबिल’. स्मिता पाटील बातम्या वाचायच्या. मध्येच चित्र गेलं की ‘व्यत्यय’ अशी पाटी लागायची आणि घरातलं कुणीतरी अँटेना फिरवायला गच्चीवर पळायचं.

त्या काळातली पहिली गाजलेली मराठी मालिका म्हणजे ‘चिमणराव’. चिं. वि. जोशींच्या कथा, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. सत्तरचं दशक सरता सरता ती आठवड्यातून एकदा लागायची. स्टुडिओतलं काम होतं, दोन-तीन कॅमेरे, संकलनाची सोय बेताची. त्यामुळे नाटकासारख्या तालमी कराव्या लागत. पाठांतर पक्कं हवं, हालचाली ठरलेल्या हव्यात. साधनं तुटपुंजी होती म्हणून तालीम भरपूर होती, आणि ती पडद्यावर दिसायची.

१९८२ मध्ये रंग आले, दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८४ च्या ‘हम लोग’नंतर प्रायोजित मालिकांचं युग आलं. दूरदर्शन बाहेरच्या निर्मात्यांना मंजुरी द्यायचं ती साधारण तेरा भागांची. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. मालिका चालली तर मुदतवाढ, नाहीतर निरोप. या तेराच्या आकड्यात मला बरंच काही दिसतं. तेरा भागांत गोष्ट सांगायची तर ती कुठे संपणार हे लिहिणाऱ्याला पहिल्या दिवशी ठाऊक हवं. ‘स्वामी’मध्ये रवींद्र मंकणींचा माधवराव आणि मृणाल देव यांची रमा पाहताना शेवट काय आहे हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं, आणि म्हणूनच आधीचा प्रत्येक प्रसंग जड व्हायचा. ‘रामायण’ ७८ भागांत संपलं, ‘महाभारत’ ९४ भागांत. लांबल्या, वाढल्या, पण संपल्या.

आठवड्याचं अंतर हाही त्या मालिकांचा भागच होता. सहा दिवस त्यावर बोलणं व्हायचं. शाळेत, बँकेच्या रांगेत, दळणाला गेल्यावर. चुकलेला भाग कुणीतरी पूर्ण हावभावांसकट सांगायचं, आणि तो ऐकलेला भाग पुष्कळदा पाहिलेल्यापेक्षा जास्त लक्षात राहायचा.

मग दोन-तीन वर्षांतच सगळं फिरलं. १९९७ मध्ये दूरदर्शनवर ‘दामिनी’ आली. पत्रकार दामिनीच्या भूमिकेत प्रतीक्षा लोणकर, आणि भाग रोज. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी ही खाजगी वाहिनी सुरू झाली, २००० च्या जुलैत ई टीव्ही मराठी. आणि त्याच महिन्यात, ३ जुलैला, स्टार प्लसवर एकाच दिवशी ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ लागले. दुसरीचे आठ वर्षांत १,८३३ भाग झाले. रोज एकाच वेळी, त्याच घरात, तीच माणसं: हे गणित वाहिन्यांना सापडलं. घराचा सेट एकदा उभारायचा आणि वर्षानुवर्षं वापरायचा. प्रेक्षकाला वेळेची सवय लागली की जाहिरातदाराला तो वेळ विकता येतो. ई टीव्हीवरची ‘चार दिवस सासूचे’ २००१ ला सुरू होऊन तीन हजारांहून अधिक भागांनंतर थांबली.

सुरुवातीची काही वर्षं दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदल्या, आणि आज मराठी माणूस ज्यासाठी हळहळतो त्यातलं बरंचसं याच काळातलं आहे. ‘आभाळमाया’तली सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी ही कॉलेजात शिकवणारी, स्वतःच्या बळावर उभी असलेली बाई होती. प्रतिमा कुलकर्णींच्या ‘प्रपंच’मध्ये एकत्र कुटुंबातली भांडणं होती, पण त्यात खलनायक कुणी नव्हता. आणि ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. दिलीप प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वर आधारलेली, केदार शिंदेंनी दिग्दर्शित केलेली, आठवड्यातून एकदा लागणारी. आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या. चिमणराव झालेला तोच नट वीस-बावीस वर्षांनी आजोबा होऊन आला होता. टिपऱ्यांच्या घरी काही म्हणजे काही घडत नाही. कुणाचा अपघात नाही, कुणाला विषप्रयोग नाही, मेलेलं कुणी परत येत नाही. मध्यमवर्गीय घरात आठवड्याभरात जेवढं होतं तेवढंच. आजही ती आंतरजालावर लावली तर आमच्या घरातली तिन्ही पिढ्यांची माणसं हातातलं काम सोडून येतात.

‘हातातलं काम सोडून’ हे मी मुद्दाम लिहिलं. दैनंदिन मालिका हातातलं काम न सोडता पाहायची असते, तशीच ती घडवलेली असते. संध्याकाळी सात ते दहा म्हणजे कुकर लावायची, पोळ्या करायची, पानं घ्यायची वेळ. प्रेक्षक अर्धा वेळ स्वयंपाकघरात. म्हणून संवाद असे हवेत की पाठमोऱ्या माणसालाही कळावेत. ‘तू, माझी सख्खी मोठी जाऊ, माझ्याशी असं वागलीस?’ असं कुणी घरात बोलत नाही, पण मंगळवारी ज्यांचं चुकलं त्यांना बुधवारी नातं कळायला हवं. म्हणून एकाच धक्क्यावर सगळ्यांचे चेहरे एकेकदा, काहींचे तीनदा. म्हणून तो ढॅण् ढॅण् आवाज. तो कढईजवळ उभ्या असलेल्या बाईला हाक मारायला असतो.

माझा एक मित्र अशा मालिकेचे संवाद लिहायचा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद याचे. बावीस मिनिटांचा मजकूर रोज. आधी चित्रीत करून ठेवलेल्या भागांची ‘बँक’ संपली की आज चित्रीत केलेलं उद्या दाखवायचं. रात्री अकराला त्याचा फोन वाजे: सासऱ्यांचं काम करणारे नट आजारी आहेत, उद्याचे तीन प्रसंग बदल. तो जेवणाचं ताट बाजूला सारून सासऱ्यांना गावी पाठवायचा. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या सेटवर सकाळी सातला पानं पोचायला हवीत. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येत आणि ते पाहून नायिकेचं दुःख आणखी दोन आठवडे ताणायचं की संपवायचं हे ठरे. तो उत्तम कथालेखक आहे. त्या दोन वर्षांतलं स्वतःचं एक वाक्यही त्याला आठवत नाही, हे त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा मला बघवेना.

जे दुसऱ्या भाषेत चाललं ते मराठीत आणायचं, हीही याच घाईची गरज. ‘आई कुठे काय करते’चं मूळ बंगालीत, ‘रंग माझा वेगळा’चं मल्याळममध्ये. रूपांतर वाईट असतं असं मुळीच नाही. मराठी रंगभूमी रूपांतरांवर पोसली आहे. पण साप्ताहिक मालिकांच्या काळात निर्माते आधी आपल्याच कपाटाकडे वळत. चिं. वि. जोशी, ना. धों. ताम्हनकर, रणजित देसाई हे त्या कपाटातून पडद्यावर आले. रोज एक भाग द्यायचा तर एवढी पुस्तकं आणायची कुठून?

दैनंदिन मालिकेनं नटांना आणि तंत्रज्ञांना दरमहाचं उत्पन्न दिलं, हे मी विसरत नाही. आधीच्या पिढीतल्या किती नटांना नोकरी सांभाळून, रजा काढून काम करावं लागे. दूरदर्शनचं सगळंच सोन्याचं होतं असंही नाही. उद्‌घाटनांची लांबलचक दृश्यं आणि भाषणं आपण विसरलो आहोत. आणि ओढ कशाची लागेल हे तर कुणीच ठरवू शकत नाही. जुलै २०२५ मध्ये ‘क्योंकि...’ नव्या भागांसह परत आली तेव्हा माझी भाची हरखून गेली. तिच्या आजीच्या मांडीवर बसून तिनं ती पाहिली होती. ज्या मालिकेपासून माझी नाराजी सुरू झाली, तिथून तिचं लहानपण सुरू होतं.

तरीही संपणारी गोष्ट मराठी प्रेक्षकाला नको आहे, असं कुणी म्हणू नये. २०१७ मध्ये मुक्ता बर्वेची ‘रुद्रम’ झी युवावर आली, काही महिन्यांत कथा संपली तशी थांबली, आणि अजून तिचं नाव निघतं.

राहता राहिला प्रश्न पुनःप्रक्षेपणाचा. जे जपलं तेच पुन्हा दाखवता येतं. २०२० मध्ये ‘रामायण’ लागू शकलं कारण सागर कुटुंबाकडे ते सांभाळलेलं होतं. वरळीच्या स्टुडिओत झालेल्या कितीतरी मराठी कार्यक्रमांचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. टेप महाग होती, परदेशातून यायची. कार्यक्रम झाला की त्याच टेपवर दुसरा मुद्रित व्हायचा. हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. बीबीसीनंही साठच्या दशकातल्या आपल्या मालिका अशाच पुसल्या. पण त्यामुळे सत्तरच्या दशकातलं मराठी टीव्ही म्हणजे आज काही सुटे भाग, काही छायाचित्रं आणि ज्यांनी पाहिलं त्यांच्या आठवणी एवढंच उरलं आहे. आईला ‘चिमणराव’चे प्रसंग आठवतात, मला त्यातले बहुतेक कधीच पाहता येणार नाहीत.

नव्वदच्या सुमारास बाबांनी भाड्याच्या व्हीसीआरवर ताम्हनकरांच्या ‘गोट्या’ मालिकेचा एक भाग टेप केला होता. कॅसेटच्या कडेला त्यांच्या अक्षरात निळ्या शाईनं लिहिलं आहे: ‘गोट्या. पुसू नये.’ गेल्या वर्षी माळा आवरताना ती मिळाली. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर टेपवर पांढरी बुरशी. लक्ष्मी रस्त्याच्या आतल्या बोळात एकजण अशा कॅसेट साफ करून देतो. त्यानं आठ दिवसांनी पेन ड्राइव्ह हातात ठेवला. ‘बीज अंकुरे अंकुरे’ हे शीर्षकगीत पूर्ण आहे. जाहिरात लागली की बाबा पॉझचं बटण दाबत, पण दरवेळी क्षणभर उशीर होई, त्यामुळे मध्ये मध्ये निरमाची गोल फिरणारी मुलगी दिसते आणि जाते. अशी अकरा मिनिटं. मग पडदाभर खरखर, आणि एकदम सनईचा आवाज: १९९४ सालचं मामेबहिणीचं लग्न, मंगल कार्यालयाच्या दारात बाबा फेटा सावरत उभे आहेत.