कुवेतने तेल चोरले म्हणून युद्ध झाले?

गोव्यात आखातात नोकरी केलेला माणूस बहुतेक प्रत्येक वाड्यावर भेटतो, आणि 1990 चा विषय निघाला की कुवेतने तिरप्या विहिरी खणून इराकचे तेल चोरले व म्हणून सद्दामने हल्ला केला, हे हमखास ऐकायला मिळते. दोन्ही देशांच्या सीमेवरील रुमैला तेलक्षेत्राबाबतचा हा आरोप इराकने केला होता, 2.4 अब्ज डॉलर भरपाईही मागितली होती. पण ते मूळ कारण नव्हे. इराणशी आठ वर्षे लढून इराक कर्जात बुडाला होता, कुवेत आपण दिलेले कर्ज माफ करीत नव्हता आणि ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेत ठरलेल्या कोट्याहून अधिक तेल काढत असल्याने भाव पडत होते. दर पिंपामागे एक डॉलर घटला की वर्षाला एक अब्ज डॉलर बुडतात, असे इराकचे म्हणणे होते. (सीमेचा जुना वाद होताच.) 2 ऑगस्टला इराकचे सैन्य कुवेतमध्ये घुसले. पुढे 1991 मध्ये अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजांनी हुसकावल्यावर माघारीत इराकने सहाशेहून अधिक विहिरी पेटवल्या. शेवटची नोव्हेंबर 1991 मध्ये विझली. इकडे तेल महागल्याने आणि आखातातून येणारा पैसा आटल्याने भारताची परकीय गंगाजळी घसरली, तर सुमारे 1,70,000 भारतीयांना, त्यांत कितीतरी गोवेकर, मुख्यत्वे जॉर्डनची राजधानी अम्मानमार्गे मायदेशी आणावे लागले.